टायटॅनिकच्या दंतकथा कोणाला सोडवतात?

टायटॅनिक बुडून शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी आपल्याकडे तिचे नाव निघते ते बहुधा ‘गर्वाचे घर खाली’ या म्हणीचा दाखला म्हणून. प्रवचनात, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत आणि भल्या सकाळी मोबाइलवर येऊन पडणाऱ्या सुविचारांत एकच कथा फिरत असते: जहाज बांधणाऱ्याने छातीठोकपणे सांगितले की हे जहाज देवसुद्धा बुडवू शकणार नाही, आणि पहिल्याच सफरीत देवाने त्याची जिरवली. कथा इतकी घोटीव आहे की ती खरी आहे का, असे विचारणाराच अरसिक ठरतो. तरीही विचारायला हवे, कारण या आणि अशा आणखी डझनभर कथांनी इतिहासाचे तपशील तर बिघडवलेच, शिवाय पंधराशे माणसांच्या मृत्यूचा जाब ज्यांना विचारायचा त्यांना अलगद बाजूला काढले.

देवाला आव्हान देणारे ते वाक्य जहाजाचा रचनाकार थॉमस अँड्र्यूज याच्या तोंडी घातले जाते. ते त्याचे नाही. दुसऱ्या वर्गातून प्रवास करून वाचलेल्या सिल्व्हिया कॉल्डवेल यांच्या आठवणीत ते साउदॅम्प्टनच्या धक्क्यावरच्या एका साध्या खलाशाचे आहे. सामान वाहणाऱ्या माणसाने प्रवाशाला धीर देण्यासाठी म्हणावे तसे. अँड्र्यूज स्वतः जहाजावर होता. हिमनगाचा धक्का बसल्यावर त्याने खाली उतरून पाहणी केली आणि जहाजाच्या हाती फार तर तास-दीड तास उरला आहे, असे कप्तान स्मिथला सांगितले. कोणत्या मर्यादेपलीकडे आपले जहाज तरंगणार नाही, याचे गणित त्याला चोख ठाऊक होते: सोळा जलरोधक कप्प्यांपैकी पुढचे चार भरले तरी ते तरंगले असते, पण पाणी त्याहून अधिक कप्प्यांत शिरले होते. ‘न बुडणारे’ हे विशेषण छापले गेले होते, नाही असे नाही. ‘शिपबिल्डर’ या व्यावसायिक मासिकाने १९११ मध्ये जलरोधक दारांचे वर्णन करताना जहाज ‘जवळजवळ’ न बुडणारे होते असे लिहिले. ते ‘जवळजवळ’ गळाले ते नंतर. गंमत अशी की कसलीही पुस्ती न जोडता ‘आमचे जहाज बुडूच शकत नाही’ असे ठणकावून सांगितले ते जहाजाच्या मालक कंपनीच्या न्यूयॉर्कमधील उपाध्यक्ष फ्रँकलिन यांनी, १५ एप्रिल १९१२ च्या सकाळी, म्हणजे जहाज समुद्राच्या तळाशी गेल्यानंतर.

गर्वाच्या कथेची अडचण एवढीच नाही की ती पुराव्यात बसत नाही. गर्व हा माणसाचा दोष आहे, आणि दोष माणसात सापडला की नियम, कार्यालये, तक्ते, समित्या यांच्याकडे पाहण्याची गरज उरत नाही. टायटॅनिकभोवतीच्या बहुतेक दंतकथांची घडण अशीच आहे. कुणी उद्दाम, कुणी भित्रा, कुणी शूर, कुणी शापित. नाटकातली सगळी पात्रे हजर आणि नाटक बसवणारा मात्र पडद्याआड.

वेगाचा विक्रम मोडण्याच्या हव्यासाची कथा घ्या. अटलांटिक ओलांडण्याचा विक्रम त्या काळी ‘मॉरेटानिया’कडे होता आणि तिचा वेग २६ नॉटच्या घरात होता. टायटॅनिक धडकली तेव्हा सुमारे २२ नॉटने चालली होती, आणि तिची यंत्रे जीव तोडून चालवली असती तरी मॉरेटानियाला गाठणे तिला शक्य नव्हते. तिच्या मालकांनी स्पर्धा लावली होती ती आकाराची आणि ऐषआरामाची. मग बर्फाचे इशारे मिळत असताना वेग कमी का केला नाही? याचे उत्तर विक्रमाच्या वेडापेक्षा अधिक अस्वस्थ करणारे आहे: तसाच शिरस्ता होता. हवा स्वच्छ असेल तर बर्फाच्या प्रदेशातही वेग कायम ठेवायचा आणि बर्फ दिसले की वळायचे, असेच सगळे करत आले आहेत, अशी साक्ष अनेक अनुभवी कप्तानांनी लंडनच्या चौकशीत दिली. आपण वेग कमी केला असता असे सांगणाऱ्यांत ध्रुवप्रदेशाचा प्रवासी अर्नेस्ट शॅकल्टन होता. पण तो प्रवासी जहाजांचा कप्तान नव्हता, म्हणून त्याचे म्हणणे कुणी फारसे मनावर घेतले नाही.

ब्रूस इस्मे या मालकाबद्दलची कथा तर अमेरिकेतील हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांनी आठवडाभरात उभी केली. तो बाईचा वेष घालून पळाला, हे धादांत खोटे. तो अखेरच्या नौकांपैकी एकीत चढला, आणि लंडनच्या चौकशीचे प्रमुख लॉर्ड मर्सी यांनी म्हटले त्याप्रमाणे, चढला नसता तर मृतांच्या यादीत आणखी एका नावाची भर पडली असती, इतकेच. मला इस्मेचा कैवार घ्यायचा नाही. त्याच्या कंपनीला अधिक नौका बसवता आल्या असत्या आणि तिने त्या बसवल्या नाहीत. पण त्याच्याकडे बोट दाखवून थांबले की पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो: त्याला तसे करू कोणी दिले?

या प्रश्नाचे उत्तर १८९४ च्या एका तक्त्यात आहे. ब्रिटनमध्ये जहाजांच्या सुरक्षिततेची जबाबदारी ‘बोर्ड ऑफ ट्रेड’ या सरकारी खात्याकडे होती, आणि कोणत्या जहाजाने किती जीवरक्षक नौका बाळगायच्या हे या खात्याचा तक्ता जहाजाच्या टनांवरून ठरवत असे. माणसांच्या संख्येवरून नव्हे. तक्त्याची शेवटची ओळ ‘दहा हजार टन आणि त्याहून अधिक’ अशी होती. ती आखली तेव्हा सर्वांत मोठी प्रवासी जहाजे तेरा हजार टनांच्या आसपास होती, त्यामुळे ती तेव्हा फारशी विपरीत वाटली नसेल. टायटॅनिक ४६,३२८ टनांची होती. म्हणजे अठरा वर्षांत जहाजे साडेतीन पटींहून मोठी झाली आणि तक्ता होता तिथेच राहिला. त्या ओळीप्रमाणे टायटॅनिकला सोळा नौका पुरेशा होत्या; तिच्यावर वीस होत्या. त्या विसांत मिळून १,१७८ माणसे बसू शकत होती, जहाजावर त्या रात्री सुमारे २,२०० होती, आणि पूर्ण भरले असते तर साडेतीन हजारांच्या आसपास असती. कायद्याने मागितल्यापेक्षा अधिक सोय असलेले हे जहाज निम्म्या माणसांना मरायला मोकळे सोडून बंदरातून निघाले आणि त्यात एकही नियम मोडला गेला नाही.

हे कुणाच्या लक्षात आले नव्हते असेही नाही. टायटॅनिक बांधणाऱ्या हारलंड अँड वुल्फ या गोदीतील अलेक्झांडर कार्लाइल यांनी जहाजाच्या आराखड्याच्या वेळी चौसष्टपर्यंत नौका वाहू शकतील अशा, नौका टांगून पाण्यात उतरवण्याच्या नव्या धर्तीच्या झुलत्या खांबांची योजना पुढे ठेवली होती. खांब नव्या धर्तीचे बसले, वाढीव नौका बसल्या नाहीत. पुढे हेच कार्लाइल १९११ मध्ये बोर्ड ऑफ ट्रेडच्या सल्लागार समितीवर गेले आणि त्या समितीच्या अहवालावर त्यांनी सही केली, जरी अहवालातील शिफारस सर्वांना पुरतील इतक्या नौकांची नव्हती. सही का केली, असे चौकशीत विचारल्यावर त्या दिवशी आपण फारच नरम पडलो होतो, अशी कबुली त्यांनी दिली. खात्याचे माजी नौकानयन सल्लागार सर आल्फ्रेड चामर्स यांनी तर दुर्घटनेनंतरही तक्त्याचे समर्थन केले. जहाजे दिवसेंदिवस सुरक्षित होत आहेत, मार्ग ठरलेले आहेत, वायरलेस आले आहे. आणि अधिक नौका म्हणजे त्या हाताळायला अधिक माणसे, ज्यांना एरवी जहाजावर काही काम नसेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा माणूस खलनायक नव्हता. फायलीवर असा शेरा मारणारा अधिकारी प्रत्येक देशात आणि प्रत्येक काळात सापडतो, आणि म्हणूनच त्याची कथा होत नाही.

इथे दंतकथांची टर उडवणाऱ्यांनाही सावध केले पाहिजे, कारण ‘नौका पुरेशा असत्या तर सगळे वाचले असते’ हीसुद्धा एक सोपी समजूतच आहे. धडक रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी झाली, जहाज २ वाजून २० मिनिटांनी गेले. या वेळात वीसपैकी अठराच नौका रीतसर सोडता आल्या. उरलेल्या दोन पाण्यानेच उचलून नेल्या. पहिली नौका उतरली तेव्हा पासष्टांच्या जागी अठ्ठावीसच्या आसपास माणसे होती, आणि चाळिसांच्या एका नौकेत तर फक्त बारा. नौकांत जेवढ्या जागा होत्या त्यांतल्या साडेचारशेहून अधिक रिकाम्या गेल्या. अधिकाऱ्यांना भरलेली नौका दोरावर तगेल याचा भरवसा नव्हता, प्रवाशांना कोणत्या नौकेकडे जायचे हे कुणी सांगितलेले नव्हते, आणि उजळलेले, उबदार, वरवर स्थिर भासणारे जहाज सोडून काळ्या पाण्यावर लोंबकळायला सुरुवातीला कुणी धजावत नव्हते. नियमात नौकांचा आकडा होता. त्या वेळेत भरून कशा उतरवायच्या याच्या सरावाचा विचार नव्हता. शिकागोच्या नदीत १९१५ मध्ये ‘ईस्टलँड’ हे जहाज धक्क्यालाच कलंडून ८४४ जण मेले. टायटॅनिकनंतरच्या कायद्यामुळे त्या मुळातच अस्थिर जहाजावर नव्या नौकांचे ओझे चढले होते. आकडा पाळून हेतू विसरण्याचा प्रकार दोन्हीकडे सारखाच.

काही दंतकथा चटकन निकालात काढता येतात. ‘ऑलिंपिक’ या जुळ्या जहाजाची अदलाबदल करून विम्याचे पैसे लाटले म्हणावे, तर अवशेषांतील पंख्याच्या पात्यावर टायटॅनिकचाच गोदी क्रमांक ४०१ सापडला आहे, आणि पंधरा लाख पौंड खर्चाच्या जहाजाचा विमा दहा लाखांचा होता. ब्रिटिश म्युझियममधील शापित ममी जहाजावर होती म्हणावे, तर ती ममी नसून ममीवरचे रंगवलेले लाकडी झाकण आहे आणि ते तेव्हा संग्रहालयातच होते. जहाजाच्या कंपनीमागचा अमेरिकी धनाढ्य जे. पी. मॉर्गन याने आपले विरोधक बुडवण्यासाठी हा घाट घातला म्हणावे, तर हिमनगाला कटात सामील करून घ्यावे लागते. टेहळ्यांच्या दुर्बिणीची कथा थोडी वेगळी आहे. साउदॅम्प्टनला ऐन वेळी बदली झालेल्या डेव्हिड ब्लेअर या अधिकाऱ्याच्या खिशात कपाटाची किल्ली राहिली, हे खरे मानले जाते. ती किल्ली २००७ मध्ये लिलावात ९०,००० पौंडांना गेली. दुर्बीण असती तर वळायला वेळ मिळाला असता, असे टेहळ्या फ्रेडरिक फ्लीटने साक्षीत म्हटलेही. पण दुर्बीण एका ठिपक्याची ओळख पटवायला उपयोगी पडते, चंद्र नसलेल्या रात्री सगळे क्षितिज चाळायला नाही, असे त्या धंद्यातल्या अनेकांचे मत होते. पंधराशे मृत्यू एका किल्लीवर टांगण्यातले आकर्षण मात्र समजण्यासारखे आहे: एवढीशी चूक, एवढा मोठा घात, आणि बदलायचे काहीच नाही.

‘कॅलिफोर्नियन’ या जवळच थांबलेल्या जहाजाबद्दलचा वादही याच वळणाने गेला. तिच्या अधिकाऱ्यांनी रात्री संकटाची खूण असलेले आठ पांढरे अग्निबाण पाहिले आणि कप्तान स्टॅनली लॉर्ड मदतीला निघाला नाही, याबद्दल लॉर्डचे समर्थक आणि विरोधक शंभर वर्षे भांडत आले आहेत. अग्निबाण पाहूनही वायरलेसवाल्याला न उठवणे अक्षम्य होते, हे माझेही मत. परंतु त्या जहाजावर वायरलेस चालवणारा एकच तरुण होता, तो साडेअकराच्या सुमारास कान मोकळे करून झोपी गेला आणि दहाच मिनिटांनी टायटॅनिक धडकली. रात्रभर कुणीतरी ऐकत बसले पाहिजे असे कोणताही नियम सांगत नव्हता. लॉर्डचे काळीज तपासणारे ग्रंथ जितके निघाले, त्याच्या शतांशानेही या साध्या गोष्टीवर कुणी शाई खर्च केली नाही.

आता तिसऱ्या वर्गाच्या कुलूपबंद दारांकडे येऊ, कारण इथे दंतकथा आणि वस्तुस्थिती एकमेकींत सर्वांत गुंतलेल्या आहेत. छतापर्यंतच्या लोखंडी जाळ्यांमागे गरीब प्रवाशांना कोंडून मारले, हे चित्र पडद्याने जगभर पोहोचवले. प्रत्यक्षात अमेरिकेच्या परदेशी प्रवेशाच्या कायद्यानुसार तिसरा वर्ग वेगळा राखावा लागे आणि उघड्या डेकवरचे अडसर बहुतांशी कमरेएवढ्या फाटकांचे होते. डॅनियल बकली या आयरिश तरुणाने अमेरिकेच्या सेनेट समितीपुढे सांगितले की अशाच एका फाटकातून वर निघालेल्या माणसाला खलाशाने खाली ढकलले, फाटकाला कुलूप घातले, आणि मग त्याच प्रवाशाने ते तोडले. दुसऱ्या बाजूला जॉन हार्ट या कारभाऱ्याने तिसऱ्या वर्गातल्या बायकामुलांच्या दोन तुकड्या स्वतः वाट दाखवत वर नेल्या, हेही नोंदलेले आहे. दोन्ही खरे. हार्टने वाट दाखवावी लागली, यातच उत्तर आहे. नौका ज्या मजल्यावर होत्या तो पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचा फिरण्याचा मजला. तिसऱ्या वर्गाला तिथे जाण्याची सरळ वाटच नव्हती, सूचना इंग्रजीत आणि प्रवासी स्वीडिश, फिनिश, सीरियन, बल्गेरियन. वर न्यायचे की थांबवून ठेवायचे, याचा हुकूम वेळेवर खाली पोहोचला नाही. ब्रिटिश चौकशीच्या तक्त्यानुसार पहिल्या वर्गातील १४४ स्त्रियांपैकी १४० वाचल्या. तिसऱ्या वर्गातील १६५ पैकी ७६. तिसऱ्या वर्गातील ७९ मुलांपैकी २७ वाचली. एवढा फरक पडायला कुणी दुष्ट असावे लागले नाही, कुलूपही लागले नाही. खलनायकाच्या हातातली किल्ली दाखवणारी दंतकथा इथे वस्तुस्थितीपेक्षा सौम्य आहे.

‘आधी स्त्रिया आणि मुले’ या ब्रिटिश शौर्याच्या कथेलाही हेच आकडे पुरतात. तो कायदा नव्हता. एका बाजूला लाइटॉलर या अधिकाऱ्याने त्याचा अर्थ ‘फक्त स्त्रिया आणि मुले’ असा लावला, दुसऱ्या बाजूला मर्डॉकने जागा उरली तर पुरुषांना बसू दिले. दुसऱ्या वर्गातील १६८ पुरुषांपैकी १४ वाचले, पहिल्या वर्गातील १७५ पैकी ५७. याच दुसऱ्या वर्गात ॲनी फंक होती. मध्य प्रांतातील जांजगीर येथे मुलींची शाळा चालवणारी ही मिशनरी शिक्षिका आईच्या आजारपणाची तार आल्यावर मुंबईहून ‘पर्शिया’ बोटीने निघाली, इंग्लंडमधील कोळसा कामगारांच्या संपामुळे तिचे ठरलेले जहाज रद्द झाले आणि तिला टायटॅनिकचे तिकीट मिळाले. १२ एप्रिलला जहाजावरच तिला अडतिसावे वर्ष पूर्ण झाले. नौकेतली आपली जागा तिने एका मुलाबाळांच्या आईला दिली, अशी कथा मिशनच्या वर्तुळात आजही सांगितली जाते. कोणत्याही चौकशीत या कथेला दुजोरा देणारी साक्ष नोंदलेली नाही. ती खरी असूही शकेल. पण दुसऱ्या वर्गातील ९३ स्त्रियांपैकी १३ मेल्या, तेव्हा पहिला प्रश्न त्यांच्या त्यागाचा नसून त्या नौकेपर्यंत का पोहोचल्या नाहीत, हा आहे. एका माणसाच्या थोरवीने तो प्रश्न झाकला जाऊ नये, इतकेच म्हणायचे आहे.

मग ‘अधिकृत’ कागद प्रमाण मानून मोकळे व्हावे का? मुळीच नाही. जहाज बुडताना मधोमध तुटले, असे वाचलेल्या अनेकांनी सांगितले होते. सतरा वर्षांचा जॅक थेयर त्यांपैकी एक. लाइटॉलरने जहाज अखंड गेले असे शपथेवर सांगितले, लॉर्ड मर्सी यांनी ते ग्राह्य धरले, आणि त्र्याहत्तर वर्षे तुटण्याची कथा घाबरलेल्या माणसांचा भास समजली गेली. १ सप्टेंबर १९८५ रोजी रॉबर्ट बॅलार्ड आणि झां-लुई मिशेल यांच्या पथकाला अवशेष सापडले, ते सुमारे ३,८०० मीटर खोलीवर, दोन वेगळ्या तुकड्यांत. दंतकथा होती ती अहवालातली.

अहवालाची ही चूक योगायोगाची नव्हती. चौकशी बोर्ड ऑफ ट्रेडच्या वतीने झाली, आयोगापुढचे सव्वीस प्रश्न त्याच खात्याने तयार केले, आणि ज्याचा तक्ता कालबाह्य ठरला होता त्याच खात्याची कानउघाडणी सौम्य शब्दांत उरकली गेली. सुमारे शंभर साक्षीदारांत तिसऱ्या वर्गाचा एकही प्रवासी नव्हता. तरीही तिसऱ्या वर्गावर अन्याय झाला नाही, असा निष्कर्ष निघाला. अमेरिकेचा सेनेटर विल्यम आल्डन स्मिथ याची मात्र लंडनच्या वृत्तपत्रांनी यथेच्छ टिंगल केली, कारण हिमनग कशाचा बनलेला असतो, असे त्याने एका अधिकाऱ्याला विचारले होते. ‘बर्फाचा असावा, साहेब’ हे उत्तर अजून विनोद म्हणून सांगतात. समुद्राची जाण नसलेल्या याच माणसाने तिसऱ्या वर्गातल्या तिघांना बोलावून त्यांचे म्हणणे लिहून घेतले. बकलीचे फाटक आपल्याला माहीत आहे ते त्याच्यामुळे.

१९१४ च्या जानेवारीत लंडनमध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने सर्वांना पुरतील इतक्या नौका, त्यांचा सराव, वायरलेसवर अखंड पहारा आणि उत्तर अटलांटिकात हिमनगांची गस्त ठरवली. वेगाबाबत लॉर्ड मर्सी यांचा निर्णय असा होता की कप्तानाने गंभीर चूक केली, पण शिरस्ताच तसा असल्यामुळे तिला हलगर्जीपणा म्हणता येणार नाही. तो शब्द उच्चारायला सामान्य माणसांची ज्यूरी लागली. तिसऱ्या वर्गात मरण पावलेल्या पॅट्रिक रायन याचे वडील थॉमस रायन यांनी कंपनीवर दावा लावला. टेहळणीत कसूर नव्हती, मात्र वेगाच्या बाबतीत हलगर्जीपणा झाला, असा कौल १९१३ मध्ये लागला, १९१४ मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला, आणि एका मुलाच्या जिवाची भरपाई शंभर पौंड ठरली.